आश्विनातली शाकारणी

आपल्याकडे घराची डागडुजी वैशाखात. मृग लागायच्या आत कोकणात कौले चाळायची, फुटकी बदलायची. देशावर धाब्याच्या घरांवर नवी पांढरी माती टाकायची. मुंबई-पुण्यात गच्चीवर डांबर ओतून घ्यायचे. फ्रीमाँटला आलेल्या माणसाचे हे सगळे पंचांग उलटे होते. इथे पाऊस लागतो तो दिवाळीच्या आगेमागे आणि आटोपतो गुढीपाडव्याच्या सुमाराला. जून ते सप्टेंबर आभाळातून थेंब पडला तर बातमी होते. म्हणून इथली शाकारणी आश्विनात. नवरात्रात आपण घर झाडून-पुसून घेतोच, त्यातच छप्पर आणि पन्हळी धरून टाका, असे आम्ही नव्याने घर घेतलेल्या मंडळींना सांगत असतो.

मंडळी हसतात. "अहो, इथे पाऊस पडतो तरी किती?" खरे आहे. वर्षाकाठी पंधरा इंचांच्या आसपास. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, म्हणजे सदतीस इंच पाऊस झाला होता. म्हणजे फ्रीमाँटचा दोन वर्षांचा पाऊस एका दिवसात पडून वर थोडा उरला. पण मुंबईचे घर पाऊस गृहीत धरून बांधलेले असते. इथले घर उन्हासाठी बांधलेले. सहा महिने ऊन खाऊन छपरातून वर आलेल्या पाइपांभोवतीचे रबर तडकते, स्कायलाइटच्या कडेचे सीलंट सुटते, पन्हळीत पाने आणि छपराच्या शिंगल्सची झडलेली वाळू साचते. आणि मग पाऊस येतो तो हळूहळू नव्हे. ज्याला हवामानखाते 'ॲटमॉस्फेरिक रिव्हर' म्हणते, ती आभाळातली नदी पॅसिफिकवरून थेट आपल्या अंगणात उतरते. ३१ डिसेंबर २०२२ ला सॅन फ्रान्सिस्कोत एका दिवसात जवळजवळ साडेपाच इंच पाऊस झाला आणि पुढचे तीन आठवडे एकामागून एक वादळे येत राहिली. त्या जानेवारीत आमच्या ओळखीच्या किती घरांत बादल्या लागल्या होत्या ते मोजायचे आम्ही सोडून दिले. छप्पर दुरुस्त करणारे लोक फोनसुद्धा उचलत नव्हते. ऑक्टोबरमध्ये तेच लोक आपणहून दारात पत्रके टाकून जातात.

तेव्हा पहिले काम पन्हळींचे. त्या साफ करणे हे अर्धेच काम. खाली उतरलेले पाणी जाते कुठे, हे उरलेले अर्धे. पुष्कळ घरांत पन्हळीचा उभा पाइप भिंतीच्या पायाशीच सोडलेला असतो. म्हणजे सगळ्या छपराचे पाणी गोळा करून आपण नेमके पायात ओततो. पाइपाला पुढे पाच-सहा फुटांचा तुकडा जोडून पाणी भिंतीपासून लांब काढले, तर फार मोठी दुखणी टळतात. खर्च हार्डवेअरच्या दुकानातल्या एका फेरीचा.

हे एवढे का, तर माती. फ्रीमाँटच्या पुष्कळ भागात चिकणमाती आहे, आणि तिचा स्वभाव मराठवाडा-विदर्भातल्या वाचकांना आम्ही सांगायला नको. काळ्या रानासारखी ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी मिळाले की फुगते. घर तिच्यावर बसलेले, तेही थोडे वर-खाली होते. जानेवारीत बेडरूमचे दार चौकटीला घासू लागते. अशा वेळी सुताराला बोलावून दार तासून घेऊ नये. जूनमध्ये ते आपोआप मोकळे होते आणि तासलेले असले तर फट पडते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली केसाएवढी तिरपी भेग हीसुद्धा ह्याच मातीची करामत; पोटीन भरून रंग द्यावा आणि विसरावे. मात्र भेग पाव इंचाच्या पुढे गेली, किंवा तिची एक कड दुसरीपेक्षा पुढे आली, तर स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवावी. पाया दुरुस्त करणाऱ्या कंत्राटदाराला आधी विचारू नये. त्याला सगळीच घरे खचलेली दिसतात.

ज्यांच्या घराखाली क्रॉल स्पेस आहे त्यांनी जोराच्या पावसानंतर दोन दिवसांनी टॉर्च घेऊन आत डोकावावे. काँक्रीटवर पांढरे क्षार फुटलेले दिसले किंवा माती चिखलासारखी झाली असेल, तर पाणी आत येते आहे. छपराचे मात्र आम्ही साठीच्या पुढच्या सर्व मित्रांना हात जोडून सांगतो, शिडीवर चढू नका. अंगणात उभे राहून दुर्बिणीतून बघा. पक्षी बघायला घेतलेली ती दुर्बीण एरवी कपाटातच पडून असते.

पहिल्या पावसानंतरच्या उबदार दुपारी आणखी एक पाहुणा दिसतो. आपल्याकडे मृगाच्या सरीनंतर दिव्याभोवती पंखांचे किडे जमतात ना, तोच हा प्रकार. वाळवी. एक जमिनीतून मातीच्या नळ्या करून वर येणारी, दुसरी कोरड्या लाकडातच संसार थाटणारी. खिडकीच्या पट्टीवर पंखांचा खच किंवा खसखशीसारखे दाणे दिसले, तर तपासणी करून घ्यावी. तपासनीसाच्या अहवालात 'सेक्शन वन' म्हणजे आत्ता चालू असलेली वाळवी किंवा कुजणे, आणि 'सेक्शन टू' म्हणजे पुढे होऊ शकेल असे. घर विकताना हा अहवाल लागतोच म्हणा ना.

कोरड्या लाकडातल्या वाळवीने घर पोखरले असेल, तर सर्कशीसारखा पट्ट्यापट्ट्यांचा तंबू घालून आत वायू सोडतात. दोन रात्री बाहेर राहावे लागते, गॅस कंपनीला सांगून गॅस बंद करून घ्यावा लागतो. आणि उघडलेला प्रत्येक खाद्यपदार्थ कंपनीने दिलेल्या खास पिशव्यांत डबल बांधायचा किंवा घराबाहेर न्यायचा. अमेरिकन घराला अशा पिशव्या थोड्या पुरतात. मराठी घराचे काय? गोडा मसाला, काळा मसाला, तीन प्रकारचे पोहे, मेतकूट, कुरडया, आईने पाठवलेली भाजणी! आमच्या ओळखीच्या एका घरी कंत्राटदाराला पिशव्यांसाठी दुसरी खेप करावी लागली.

आता भूकंप. त्याला ऋतू नाही, पण ऑक्टोबर महिना त्याच्या आठवणीचा खरा. २१ ऑक्टोबर १८६८ ला हेवर्ड फॉल्ट सरकला आणि मिशन सॅन होजेचे मातीच्या विटांचे चर्च कोसळले. आज तिथे जी इमारत दिसते ती १९८०च्या दशकात पुन्हा उभारलेली प्रतिकृती आहे. १७ ऑक्टोबर १९८९ चा लोमा प्रिएटाचा धक्का तर आपल्यातल्या कित्येकांनी स्वतः अनुभवला आहे. हेवर्ड फॉल्ट फ्रीमाँटच्या अंगावरून, लेक एलिझाबेथच्या परिसरातून जातो, आणि मोठ्या धक्क्यांच्या मधल्या काळातही तो दर वर्षी काही मिलिमीटर सरकत असतो. काही ठिकाणी फूटपाथची कड सरळ येता येता बोटभर बाजूला झालेली दिसते. पाहुण्यांना मिशन पीक आणि नाइल्समधले चॅप्लिनच्या मूकपटांचे म्युझियम दाखवतो, तशी आम्ही ही वाकडी कडही दाखवतो.

घराच्या दृष्टीने बघायच्या गोष्टी दोनच. गरम पाण्याची टाकी भिंतीला पट्ट्यांनी घट्ट बांधलेली आहे का. कायद्याने ती तशी असावीच लागते. आणि घर पायाला बोल्टांनी जखडलेले आहे का. पन्नास-साठच्या दशकांतली पुष्कळ घरे नुसतीच पायावर ठेवल्यासारखी असतात. १९८० च्या आधीच्या अशा घरांना बोल्ट घालण्यासाठी राज्याच्या योजनेतून ३,००० डॉलरपर्यंत अनुदान दिले जाते. त्याची नोंदणी वर्षातून थोडेच दिवस उघडते आणि आपला झिपकोड त्यात बसावा लागतो. नेहमीच्या घरविम्यात भूकंप नसतो, पूरही नसतो. भूकंपाच्या विम्यात पहिले नुकसान आपण सोसायचे, ते घराच्या विम्याच्या रकमेच्या पाच ते पंचवीस टक्के. पुराचा सरकारी विमा घेतल्यावर साधारणपणे तीस दिवसांनी लागू होतो, म्हणजे आभाळात ढग बघून घेतलेला उपयोगाचा नाही.

साध्या घरविम्याचेही आता दिवस बदलले आहेत. २०२३ च्या मे महिन्यात राज्यातल्या सर्वात मोठ्या घरविमा कंपनीने कॅलिफोर्नियात नव्या पॉलिसी देणे थांबवले. कंपन्या आता विमानातून किंवा ड्रोनने काढलेले छपराचे फोटो बघतात. छप्पर जुने झाले असेल, झाडाची फांदी त्यावर टेकली असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी पत्र येते. त्यामुळे फांद्या छाटणे हे काम हौसेचे राहिलेले नाही.

इथवर घरात राहणाऱ्यांचे झाले. ज्यांना घर घ्यायचे आहे त्यांची गोष्ट आणखी अवघड, आणि ती सांगावी म्हणूनच खरे तर हा लेख लिहायला घेतला.

फ्रीमाँट हे एक गाव नव्हेच. सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावे जानेवारी १९५६ मध्ये एकत्र आली. तेव्हा इथे जर्दाळूच्या आणि इतर फळांच्या बागा होत्या. मग मोटारीचा कारखाना आला, १९७२ मध्ये बार्ट आली, बागा जाऊन एकमजली घरांच्या रांगा उठल्या. पुढे खाडीपलीकडच्या कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे गाव सोयीचे वाटले. जनरल मोटर्स आणि टोयोटाचा कारखाना २०१० मध्ये बंद झाला आणि तिथेच टेस्ला आली. २०२० च्या जनगणनेत गावाची वस्ती २,३०,५०४ भरली. पण घराच्या भावात अजून ती पाच गावेच बोलतात. मिशन सॅन होजे हायस्कूलच्या हद्दीची रेघ ओलांडली की तसेच घर, तेवढ्याच खोल्या, आणि किंमत लाखांनी वेगळी. साठ वर्षे जुन्या, तीन बेडरूमच्या साध्या घराचा भावही आज दहा लाख डॉलरच्या बराच वर आहे.

त्यात व्याजाचे दर. २०२१ मध्ये तीस वर्षांचे कर्ज तीन टक्क्यांच्याही खाली मिळत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच दर ७.७९ टक्क्यांपर्यंत गेला. ज्यांच्याकडे तीन टक्क्यांचे कर्ज आहे ते घर सोडायला तयार नाहीत. सोडले तर नवे कर्ज दुपटीच्या दराने. म्हणून विकायला घरे कमी, आणि जी येतात त्यांच्यावर उड्या.

ह्या उड्यांचे स्वरूप बघा. वसंत ऋतूत घर बाजारात येते. बाहेर फुले, आत नवा रंग, भाड्याने आणलेले फर्निचर. गुरुवारी जाहिरात, शनिवार-रविवार ओपन हाउस, मंगळवार-बुधवारी ऑफर. विकणाऱ्याने आधीच तपासण्या करून शंभर-दोनशे पानांचे डिस्क्लोजर तयार ठेवलेले असते. घेणारे तरुण जोडपे ते रात्री अकराला उघडते, पहिली दहा पाने वाचते आणि तपासणीची, कर्जाची, मूल्यांकनाची अशा सगळ्या अटी सोडून ऑफर देते. "काका, अट ठेवली तर आमची ऑफर कोणी वाचतसुद्धा नाही," असे एका तरुण मित्राने आम्हांला सांगितले. त्याचे खोटे नाही. पण ह्यातल्या बऱ्याच मुलांचे इथले राहणेच एच-वन व्हिसावर. नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस. सगळी शिल्लक डाउन पेमेंटमध्ये गेलेली, आणि पहिल्याच पावसाळ्यात छप्पर गळू लागले तर वीस-तीस हजार डॉलर आणायचे कुठून? त्याच सुमारास पेटीत सप्लिमेंटल टॅक्सचे बिल पडते. जुन्या मालकाच्या कमी मूल्यावरचा कर आणि आपल्या खरेदीच्या किमतीवरचा कर ह्यांतला तो फरक. बँक दरमहा कापते त्यात तो बहुधा नसतो, आणि नव्या मालकाला त्याची वार्ताही नसते.

आमचे मत विचाराल तर अट सोडा, पण तपासणी सोडू नका. डिस्क्लोजर ऑफरच्या आधी हातात येते. त्या चार-पाच दिवसांत ते कोणा जाणत्याला घेऊन वाचा. आधी शेवटची पाने वाचा : वाळवीचा अहवाल, छपराचा अहवाल, आणि नैसर्गिक धोक्यांचे पान. फॉल्टच्या पट्ट्यात घर आहे का, हे १९७२ च्या कायद्यामुळे विकणाऱ्याला सांगावेच लागते. टेकडीवरचे घर असेल तर उताराची चौकशी करा. मार्च १९९८ मध्ये एल निन्योच्या पावसानंतर मिशन पीकची जुनी दरड पुन्हा हलली होती. जमल्यास ऑफरच्या आधीच स्वतःचा इन्स्पेक्टर तासभर नेऊन आणा; पुष्कळ विकणारे नाही म्हणत नाहीत. आणखी एक. ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्याआधी आपल्या एजंटशी लेखी करार करावा लागतो. त्यात त्याची फी लिहिलेली असते, आणि ती ठरवून घ्यायची असते.

सगळ्यात चांगला सल्ला मात्र साधा आहे. घर पावसात बघा. डिसेंबर-जानेवारीत घरे कमी असतात हे खरे, पण गिऱ्हाईकही कमी असते. लोक भारतात गेलेले असतात नाहीतर नाताळात गुंतलेले. अशा वेळी अट ठेवून दिलेली ऑफरही कोणी वाचते. आणि भर पावसात घर लपवाछपवी करू शकत नाही. पन्हळीचे पाणी कुठे पडते, गराजच्या कोपऱ्यात ओल आहे का, नव्या रंगाला पोपडे धरलेत का, कोणते दार अडते, सगळे समोर दिसते. एप्रिलमध्ये तेच घर नव्या नवरीसारखे बसलेले असते.

आता आमच्या पिढीकडे येऊ. १९९०च्या दशकात आलेली, पोरे मोठी होऊन गेलेली, चार बेडरूमच्या दुमजली घरात दोघेच राहणारी. जिन्यावर गुडघे बोलतात, पण घर सोडत नाही. लोक म्हणतात, माया. माया आहेच. पण हिशेबही आहे.

१९७८ च्या प्रॉपोझिशन थर्टीनमुळे घराचे करपात्र मूल्य वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही. समजा १९९५ मध्ये तीन लाखांना घर घेतले. तीस वर्षांनी त्याचे करमूल्य साधारण ५,४३,००० होते, आणि एक टक्क्याने मूळ कर ५,४३० डॉलर. शेजारी तसेच घर कोणी सोळा लाखांना घेतले, तर त्याला १६,०००. दुसरी गोष्ट, विक्रीवरचा कर. राहते घर विकले तर नवराबायकोला पाच लाखांपर्यंतचा नफा माफ. ही रक्कम १९९७ च्या कायद्यात ठरली आणि तेव्हापासून वाढलेली नाही. तीन लाखांचे सोळा लाख झाले, म्हणजे तेरा लाख नफा. आठ लाखांवर कर. उलट शेवटपर्यंत घर ठेवले, तर वारसांसाठी खरेदीची किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाने धरली जाते आणि जुना नफा पुसला जातो. म्हणून दोन म्हातारी माणसे चार बेडरूम सांभाळत बसतात, आणि ते घर ज्यांना हवे ती मुले अटी सोडून ऑफर देत हिंडतात. दोघांचेही चुकत नाही.

ह्यातून थोडी वाट निघते. २०२० मध्ये मंजूर झालेल्या प्रॉपोझिशन नाइन्टीनने पंचावन्नच्या पुढच्यांना आपले जुने करमूल्य राज्यात कुठेही, आयुष्यात तीनदा नेता येते. दोन वर्षांच्या आत दुसरे घर घ्यावे लागते, आणि ते अधिक किमतीचे असेल तर वरचा फरक मूल्यात मिळवतात. त्याच कायद्याने मुलांचा जुना फायदा मात्र आटला. आईवडिलांच्या घरात मुलगा किंवा मुलगी स्वतः राहायला आली तरच कमी कर पुढे चालू राहतो, आणि त्यालाही मर्यादा आहे. घर भाड्याने दिले तर पूर्ण कर. सिॲटलला राहणाऱ्या मुलीला हे आताच सांगून ठेवलेले बरे. दोघांपैकी एक गेल्यावर दोन वर्षांत विकले तर पाच लाखांची माफी टिकते. आणि घराच्या टायटलवर 'जॉइंट टेनन्सी' लिहिले आहे की 'कम्युनिटी प्रॉपर्टी', ह्यावर एकाच्या मागे अर्ध्या घराचा नफा पुसला जातो की सगळ्या, हे ठरू शकते. तो कागद काढून एकदा वकिलाला जरूर दाखवा.

इथेच डागडुजी आणि बाजार ह्यांची गाठ पडते. नवे छप्पर, नव्या खिडक्या, मागच्या अंगणातली आई-बाबांसाठी बांधलेली खोली हे सगळे घराच्या मूळ किमतीत मिळवता येते आणि नफा तेवढा कमी होतो. गळती बुजवणे, रंग देणे हे मिळवता येत नाही. पण मिळवायचे तर पावती हवी, आणि १९९८ मधल्या छपराची पावती कुठे असते? आमच्या पाहणीत ती बहुधा सुरीच्या सेटच्या वॉरंटीबरोबर स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये सापडते, शाई उडालेली. फोटो काढून ठेवा.

ह्या सुमारासच्या तारखाही लिहून ठेवा. घराच्या कराचा पहिला हप्ता १० डिसेंबरपर्यंत, दुसरा १० एप्रिलपर्यंत. एक दिवस चुकला तरी दहा टक्के दंड. आणि शिडीचे म्हणाल तर प्रत्येकाने विकत घ्यायची गरज नाही. आमच्या गल्लीत चार घरांत मिळून एक आहे. ऑक्टोबरचा प्रत्येक शनिवार एकेका घराचा ठरलेला, आणि वर चढायला कोणाचा तरी कॉलेजातला मुलगा. त्याला त्या दिवशी जेवायला थालीपीठ लागते, दोन नव्हे, चार.